धरण फुटलेलं नाही, चूक माझीच
काल रात्री ‘ओढ्यावरचं मातीचं धरण फुटलं’ म्हणून मी व्हिडिओ टाकला होता. ते चुकीचं होतं. त्यात दिसतंय ते सांडव्याचं, म्हणजे धरण भरल्यावर जादा पाणी बाहेर काढायच्या वाटेचं पाणी. सांडवा माथ्यापेक्षा मुद्दाम खाली ठेवतात, कारण पाणी भरावावरून गेलं तर माती धुपून धरण जातं.

आज सकाळी शाखा अभियंत्यांसोबत भरावावर फिरून आलो. पिचिंगचे, म्हणजे भरावाची माती धुपू नये म्हणून उतारावर बसवलेले दगड जागेवर आहेत. धरणातून झिरपणारं पायथ्याच्या चरातलं पाणी ग्लासात धरून पाहिलं, नितळ होतं. गढूळ असतं तर काळजीचं, कारण मग आतली माती वाहून जातेय असा अर्थ.

२ जुलै २०१९ला रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटलं, तेव्हापासूनचा धसका, म्हणून घाई झाली. माझ्या व्हिडिओमुळे खालच्या वाडीतली म्हातारी माणसं भर पावसात देवळात जाऊन बसली. व्हिडिओ पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर हा खुलासाही तिथेच टाका.