उंदराला एक न्याय, इंदुराला दुसरा

आमच्या इंदुरात सकाळी पोह्यांची बशी हातात असते आणि नातू विचारतो, “आबा, राजवाडेवर येताय ना?” घास अडकतो. चूक पोराची नाही. हिंदीत ‘पर’ दिसताच राजवाडा ‘राजवाडे’ होतो. त्याने तो तसाच उचलून मराठी ‘वर’ डकवला. आपल्याकडे आधी ‘राजवाड्या’ व्हावं लागतं, मग वर. या मधल्या अवताराला सामान्यरूप म्हणतात. त्यात सामान्य काय आहे, ते इंदुरातल्या पोरांना विचारा!

हिंदी मोठी दयाळू. घर में, दूध में, पानी में. एकवचनात एकही शब्द हलला नाही. मराठीत घरात, दुधात, पाण्यात: एकाला ‘आ’ चिकटला, दुसऱ्याचा ‘दू’ आखडला, तिसऱ्याचं जोडाक्षर झालं. अकारान्त स्त्रीलिंगी शब्द अडला तर आधी अनेकवचन म्हणून बघावं. वाटा, म्हणून वाटेत; भिंती, म्हणून भिंतीत. एवढी किल्ली पुरते.

खरा छळ उंदराचा. पहिलं अक्षर दीर्घ असलं की मधला ई-ऊ गळतो: लाकूड लाकडाला, माणूस माणसाला. पहिलं ह्रस्व असेल तर तो नुसता ह्रस्व होतो: वकील वकिलाला. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द दोन्हींना जुमानत नाही, म्हणून शरीराला. अनुस्वाराचं वजन दीर्घाइतकंच, तेव्हा उंदीर उंदराला. “मग इंदूर इंदराला का नाही?” नातवाचा प्रश्न बिनतोड आहे. गावाच्या नावावर ही कात्री चालत नाही, लातूरसुद्धा ‘लातरात’ जात नाही, असं सांगून मी चहाकडे वळतो.

पण दीर्घ-ह्रस्वातून गावही सुटत नाही. इंदूरला, इंदूरकर: दीर्घ. इंदुरात, इंदुरी: ह्रस्व. कारण कानाला कळतं. ‘इंदूर’मधल्या शेवटच्या र-चा अ आपण गिळतो, सगळा भार ‘दू’वर येतो. र-ला आ किंवा ई लागली की भार पुढे सरकतो आणि ‘दू’ आखडतो. दुकानाच्या पाटीवर मात्र ‘इंदूरी पोहे’च असतात. चवीला फरक पडत नाही, हे दुर्दैव.

आणि मग ‘घरासमोरच्यांनीसुद्धा’. घर, सामान्यरूपाचा आ, समोर, संबंधाचा चा, त्याचं पुन्हा सामान्यरूप च्या, अनेकवचनाचा अनुस्वार, तृतीयेचा नी, शेवटी सुद्धा. एका शब्दात अख्खी वाडी! हिंदीत हेच ‘घर के सामने वालों ने भी’, सहा सुटे शब्द. नातू हा शब्द बोलतो अगदी बिनचूक, कुणी न शिकवता. फोनवर मात्र ‘घरा समोर च्यांनी सुद्धा’ लिहितो, आणि तो ‘च्यांनी’ मधेच एकटा उभा राहतो, ‘छप्पन दुकान’ या इथल्या खाऊगल्लीच्या गर्दीत बापाचं बोट सुटलेल्या पोरासारखा.