धार पडतेय म्हणजे मोटर ठणठणीत? मुळीच नाही

होडीच्या मागे लावायच्या, पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणाऱ्या जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटरींबद्दल एक सल्ला होडीवाल्यांच्या मोबाइलवर सतत फिरत असतो: "मागून पाण्याची धार पडतेय ना? मग इम्पेलरला हात लावू नका. तेल ठरल्यापेक्षा थोडं जास्त घाला, मोटर टिकते. शिअर पिन सारखी तुटत असेल तर खिळा घाला. कॉम्प्रेशन उतरलं की मोटर भंगारात." चारही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि पहिल्या दोन तर चांगल्या मोटरींचा जीव घेतात.

आधी धारेचं बघू. ती धार म्हणजे थंड करणाऱ्या पाण्याला काढलेली एक बारीक फाटा-नळी. पंप काहीतरी पाणी वर चढवतोय, एवढंच तिच्यावरून कळतं. ते पुरेसं आहे का, सिलिंडरभोवतीच्या सगळ्या वाटांतून फिरतंय का, हे ती सांगत नाही. इम्पेलर म्हणजे या पंपातलं पाणी ढकलणारं फिरतं चाक. त्याची रबरी पाती पंपाच्या घरात सतत वाकलेल्या स्थितीत असतात. मोटर वर्षभर पडून राहिली तरी ती तशीच वाकडी आणि कडक होतात. मग एखादं पातं तुटतं, आणि तुकडा वर जाऊन नेमका अरुंद जागी अडकतो. धार चालू, सिलिंडर मात्र भाजतोय! खाऱ्या पाण्यातल्या मोटरीत मिठाचे थर हेच काम हळूहळू करतात. उलटही घडतं: भोकात वाळू अडकून धार बंद पडते, पंप मात्र उत्तम असतो. म्हणून धार थांबली तर मोटर लगेच बंद करून आधी भोकात बारीक तार घालून बघावी.

खरी तपासणी तापमानाची. बऱ्याच मोटरींचा थर्मोस्टॅट (मोटर तापल्यावर पाण्याला वाट देणारी झडप) साधारण 50 ते 60 अंश सेल्सिअसच्या आसपास उघडतो. मोटर तापल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर प्रत्येक सिलिंडरच्या माथ्यावर धरा. एक दुसऱ्यापेक्षा बराच गरम निघाला तर वाट तुंबली आहे. इम्पेलर दर एक-दोन वर्षांनी बदलावा. बसवताना पाती मोटर फिरते त्याच्या उलट बाजूला झुकलेली हवीत, म्हणजे फिरताना ती मागे ओढली जातील. जुन्या इम्पेलरचं एखादं पातं अपुरं दिसलं तर हरवलेला तुकडा शोधल्याशिवाय काम संपलं असं समजू नका. आणि पाण्याबाहेर मोटर "जरा चालवून बघू" हा मोह टाळाच, कोरडा इम्पेलर काही सेकंदांत खराब होतो.

तेलाचा सल्ला ऐकायला सुरक्षित वाटतो, म्हणूनच जास्त घातक आहे. कार्ब्युरेटरच्या जेटमधून (बारीक भोकातून) जाणाऱ्या मिश्रणात तेल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी होतं. ज्वलन पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी अशा मिश्रणावर होतं, मोटर उलट जास्त तापते. शिवाय प्लग काळे पडतात, काजळी साचून पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटतात. 50:1 म्हणजे 50 भाग पेट्रोलला 1 भाग तेल, लिटरमागे 20 मिली, 25:1 म्हणजे 40 मिली. तुमच्या मोटरीला कोणतं, हे तिच्या पुस्तिकेत बघा. अनेक जुन्या मोटरींना 25:1च्या आसपासचंच मिश्रण लागतं. त्यांना 50:1 दिलं तर बेअरिंगं उपाशी मरतात. तेल टीसी-डब्ल्यू3 प्रतीचं, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक मोटरींसाठीचं घ्या. चारचाकीच्या इंजिन ऑइलमध्ये राख उरणारे घटक असतात, ते इथे चालत नाही.

शिअर पिन म्हणजे पंखा त्याच्या दांड्याला जोडणारी छोटी खुंटी. पंखा खडकाला आदळल्यावर ती आधी तुटावी म्हणूनच मऊ धातूची असते. तिच्या जागी पोलादी खिळा घातला तर गिअरचे दात जातात. पिन वारंवार तुटत असेल तर पंखा वाकलाय का ते तपासा आणि योग्य मापाच्या दोन जादा पिना होडीत ठेवा.

कॉम्प्रेशनचा, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये किती दाब तयार करतो याचा, नुसता आकडा बघून मोटर टाकू नका. सगळे प्लग काढून, त्यांच्या वायरी मोटरीच्या धातूला जोडून (अर्थ करून), थ्रॉटल पूर्ण उघडून मोजा आणि सिलिंडरांची एकमेकांशी तुलना करा. सगळीकडे सारखंच कमी आलं तर आधी दाब मोजणारा गेज तपासा. एकच सिलिंडर मागे असेल तर रिंगा चिकटल्या असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी कार्बन विरघळवणारं औषध सिलिंडरमध्ये रात्रभर मुरू द्या, मोटर पाण्यात चालवून पुन्हा मोजा. त्यानंतरही आकडा हलला नाही, तरच हेड (सिलिंडरचं झाकण) उघडा.