सायलेन्सरखालचा डबा

पार्किंगमध्ये नवे पेव्हर ब्लॉक बसवून आठवडा झाला आणि त्यांच्यावर पहिला डाग माझ्या गाडीने पाडला, असं सोसायटीत सर्वानुमते ठरलंय. डाग पाण्याचा आहे. तासाभरात वाळून दिसेनासा होतो. पण ऐकतंय कोण?

जानेवारीतली नाशिकची सकाळ, मुलीचा सातचा क्लास. गाडी चालू ठेवून काच पुसत होतो, तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका माकडटोपी घालून मागे येऊन उभे. सायलेन्सरमधून टपटप पाणी पडत होतं. काका खाली बसले. गुडघ्यांचं कारण सांगून एकाही श्रमदानाला न आलेले काका चक्क उकिडवे बसले! थेंब बोटावर घेतला, चिमटीत चोळला, हुंगला. आता चाखतात की काय म्हणून मी फडकं टाकून धावलो.

"पाणी आहे."

"हो काका, पाणीच असतं."

"पंप कुठला?"

"भेसळ नाहीये हो. पेट्रोलमधला हायड्रोजन जळताना हवेतला ऑक्सिजन घेतो, त्याचं पाणी होतं. लिटरभर पेट्रोल जाळलं की साधारण लिटरभर पाणी, वाफेच्या रूपात. सायलेन्सर गार असला की त्या वाफेचे थेंब होतात. चहाच्या पातेल्यावरच्या झाकणाला नाही का लागत?"

"आमच्याकडे चहा झाकत नाहीत." काका जरा थांबले. "म्हणजे लिटरमागे लिटर पाणी. तुम्हीच म्हणताय."

"मिसळलेलं नाही, तयार होतं!"

"शंभराच्या वर पैसे मोजून पाणी भरता. आपल्या गोदावरीवर फुकट मिळतं."

तोवर वॉचमन आला. त्याचा मेहुणा द्वारका चौकातल्या गॅरेजात असतो, त्यामुळे "इंजिन खोलावं लागणार" हा निकाल लगेच मिळाला. दूधवालाही थांबला होता. पाण्याच्या विषयातला खरा जाणकार तोच. पण तो अवाक्षर न बोलता वर गेला.

इंजिन खोलायचंच असतं, तर गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला असता, इंजिन गार ठेवणारं कूलंट कमी होत गेलं असतं. तेव्हा हेडगॅस्केटचा, म्हणजे इंजिनातलं कूलंट अडवणाऱ्या सीलचा, संशय घ्यावा. माझं कूलंट जिथल्या तिथे आहे. माझ्या सायलेन्सरचं खरं दुखणं वेगळंच. क्लास दीड किलोमीटरवर. एवढ्यात तो तापत नाही, पाणी आतच राहतं आणि पत्रा आतून गंजतो. चालत जा म्हणाल, तर फुटपाथवर गाड्या लावलेल्या असतात. आणि एक सांगतो, आमची लिफ्ट तीन महिने बंद आहे. तिच्यासमोर कुणी असं उकिडवं बसून बोटं हुंगल्याचं मला तरी आठवत नाही. मेंटेनन्स मात्र पाच तारखेच्या आत.

दुसऱ्या दिवशी माझ्या सायलेन्सरखाली डिस्टेंपरचा रिकामा डबा ठेवलेला. ब्लॉक खराब होऊ नयेत म्हणून. मी तो मुकाट्याने बाजूला केला. संध्याकाळी तो परत जागेवर. असं चार दिवस चाललं.

आज उशीर झाला होता. डबा विसरलो, रिव्हर्स घेतला, कर्रकन आवाज आला. काकांनी भरपाई वगैरे काही मागितली नाही. चेपलेल्या डब्याचा फोटो तेवढा ग्रुपवर टाकला, खाली माझ्या गाडीचा नंबर.

सतरा जणांनी अंगठा दिलाय. त्यात आमची ही पण आहे.