पिशवी काढली, म्हणून केमो टळत नाही

ताई, नमस्कार.

तुमच्या प्रतिक्रियेतला राग समजण्यासारखा आहे आणि प्रश्न तातडीचा आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तुमच्या जाऊबाई ४६ वर्षांच्या. चाळिशीत गर्भपिशवी काढलेली. पाच आठवड्यांपूर्वी सोलापुरात स्तनाचं ऑपरेशन झालं. गाठ २.३ सेंटीमीटर, ग्रेड २ (पेशी किती बिघडल्या त्याची १ ते ३ पातळी), काखेतल्या १४ लसिका गाठींपैकी एकीत कॅन्सर, ईआर आणि पीआर (कॅन्सरपेशींवरचे हार्मोनचे रिसेप्टर) पॉझिटिव्ह, हर-टू (पेशींची वाढ भडकवणारं प्रथिन) २+, केआय-६७ (किती पेशी वाढत आहेत त्याचं माप) २२ टक्के. डॉक्टरांनी केमो सांगितली. घरच्यांनी या ब्लॉगवरचा मागचा लेख वाचला. ‘रजोनिवृत्ती झालेल्या बाईच्या काखेत एक ते तीन गाठी असल्या तरी केमो टळू शकते’ हे वाक्य धरून त्यांनी पहिली तारीख रद्द केली. तुमचा आरोप असा, की सोलापुरात बायका आधीच केमोच्या नावाने काढेवाल्यांकडे पळतात, त्यात अशा लेखांनी त्यांना निमित्त मिळतं. आणि लाखांची जीन टेस्ट विडी कामगाराच्या घरात कोण करणार?

आधी जाऊबाईंचं बोलू, बाकीचं नंतर. त्यांची केमो आज रद्द करू नका. रिपोर्टमधली जेवढी माहिती तुम्ही दिली आहे, त्यावरून डॉक्टरांचा सल्ला योग्य दिशेचा दिसतो. अजून दोन गोष्टी कळायच्या आहेत आणि त्या कळेपर्यंत ‘केमो नको’ असा निर्णय कुणीच घेऊ शकत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे हर-टू २+. हा निकाल पॉझिटिव्हही नाही आणि निगेटिव्हही नाही. ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, आणि २+ म्हणजे या तपासणीला (आयएचसी, म्हणजे गाठीचा तुकडा रंगवून बघणं) ठरवता आलं नाही. अशा वेळी त्याच गाठीच्या ब्लॉकवर (मेणात जतन केलेल्या तुकड्यावर) फिश टेस्ट करावी लागते. तिच्यात हर-टू जीनच्या प्रती मोजतात. हर-टू आणि गुणसूत्र १७ यांचं गुणोत्तर २ किंवा जास्त आणि पेशीमागे सरासरी ४ किंवा जास्त प्रती असतील, तर पॉझिटिव्ह. तसं निघालं तर २.३ सेंटीमीटरची गाठ आणि काखेत लागण असताना केमो द्यायची की नाही हा प्रश्नच उरत नाही. केमो आणि सोबत ट्रॅस्टुझुमॅब हे हर-टूवरचं औषध, जे दर तीन आठवड्यांनी, एकूण एक वर्ष चालतं. भारतात बनणाऱ्या बायोसिमिलरमुळे (मूळ औषधाच्या तोडीच्या प्रतींमुळे) त्याची किंमत पूर्वीपेक्षा बरीच खाली आली आहे. फिश न करता २+ ला निगेटिव्ह धरून पुढे जाणं ही या आजारातली सगळ्यात महागात पडणारी चूक. अशा बाईला तिच्या आजाराचं मुख्य औषधच मिळत नाही.

दुसरी गोष्ट पिशवीची, आणि घरच्यांचा घोटाळा इथेच झाला आहे. गर्भपिशवी काढली की पाळी बंद होते, पण इस्ट्रोजेन पिशवी बनवत नाही, अंडाशय बनवतात. अंडाशय जागेवर असतील तर ४६ व्या वर्षी ते बहुधा चालू असतात आणि कॅन्सरच्या हिशेबात ती बाई रजोनिवृत्त धरली जात नाही. आपल्या भागात तिशी-चाळिशीत पिशवी काढलेल्या बायका गावोगावी आहेत, त्यामुळे हा गोंधळ इथे वारंवार होतो. केसपेपरवर ‘पाळी नाही’ एवढंच लिहिलं जातं आणि पुढचे सगळे निर्णय त्या दोन शब्दांवर उभे राहतात.

तेव्हा त्या जुन्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड शोधा. त्यावर नुसतं ‘टीएएच’ असेल तर फक्त पिशवी काढलेली आहे. ‘टीएएच बीएसओ’ असेल तर दोन्ही अंडाशयही काढलेत. कार्ड सापडलं नाही तर सोनोग्राफीत अंडाशय दिसतात का ते बघता येतं, आणि रक्तातलं एफएसएच व इस्ट्राडिओल (अंडाशय चालू आहेत का ते सांगणारी हार्मोन्स) तपासता येतं. ही रक्ततपासणी केमो किंवा टॅमॉक्सिफेन (हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी) सुरू व्हायच्या आधीच करायची, कारण नंतर आकडे फसवे येतात. चाळिशीत एकाच तपासणीवर भरवसा ठेवू नये, हेही लक्षात असू द्या.

आता मागच्या लेखातलं ते वाक्य. त्याला आधार आहे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आरएक्सपाँडर चाचणीचा. तिच्यात काखेत १ ते ३ गाठी, हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आणि ऑन्कोटाइपचा (तुम्ही म्हणता ती लाखांची जीन टेस्ट) स्कोअर २५ पर्यंत अशाच बायका होत्या. रजोनिवृत्त गटात पाच वर्षांनी आजारमुक्त राहिलेल्या बायका केमो न देता ९१.९ टक्के आणि देऊन ९१.३ टक्के, म्हणजे फरक नाही. रजोनिवृत्तीआधीच्या गटात मात्र केमोशिवाय ८९ आणि केमोसह ९३.९. शंभर बायकांमागे जवळपास पाच जणींचा फरक, आणि जाऊबाईंचे अंडाशय शाबूत असतील तर त्या या दुसऱ्या गटात येतात. त्यातला काही फायदा केमोने अंडाशय बंद पडल्यामुळे होतो का, यावर तज्ज्ञांमध्ये वाद आहे आणि त्यासाठी वेगळी चाचणी चालू आहे. तिचा निकाल येईपर्यंत या वयात, काखेत लागण असताना, केमो देणं हेच शहाणपणाचं.

यातूनच तुमच्या पैशाच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. जाऊबाईंचे अंडाशय असतील तर ऑन्कोटाइप करूच नका. स्कोअर २५ च्या वर आला तरी केमो, खाली आला तरी केमोचा फायदा. जिच्या निकालाने निर्णय बदलणार नाही, त्या तपासणीवर दागिने मोडायचे नसतात. तोच पैसा फिशवर खर्च करा, त्या निकालाने सगळी दिशा बदलू शकते. बीएसओ झालेलं निघालं आणि फिश निगेटिव्ह आली, तरच जीन टेस्टची चर्चा सुरू होते.

आता जिथे तुमच्याशी मतभेद आहे ते सांगतो. तुम्ही लिहिलंत, ‘सगळ्यांनाच केमो द्यावी, निदान धोका तरी राहत नाही.’ हे पटण्यासारखं नाही. केमोने धोका शून्य होत नाही, तो एका प्रमाणात कमी होतो. आजच्या औषधांनी स्तनाच्या कॅन्सरने मरण्याचा धोका ढोबळमानाने एक तृतीयांशाने घटतो. समजा हार्मोनच्या गोळ्या घेऊनही शंभरातल्या ३० जणींना धोका आहे, तर केमो दहा जणींना वाचवते. धोका मुळात ५ असेल तर जेमतेम दीड जणीला फायदा होतो आणि केस, शक्ती, पैसा, कामाचे महिने मात्र शंभरही जणींचे जातात. केमोतल्या डॉक्सोरुबिसिन या औषधाने हृदयाची ताकद घटू शकते, म्हणून आधी टूडी एको करतात. पॅक्लिटॅक्सेल या दुसऱ्या औषधाने बोटांची टोकं बधिर होतात आणि काहींची ती बधिरता वर्षानुवर्षं राहते. विडीचं पान वळणाऱ्या किंवा शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईसाठी हा किरकोळ दुष्परिणाम नाही, तिची रोजची मजुरीच त्या बोटांवर आहे. पासष्ट वर्षांची बाई, गाठ १.२ सेंटीमीटर, ग्रेड १, काख साफ, ईआर-पीआर भरपूर, हर-टू निगेटिव्ह: तिला ‘असू द्यावी म्हणून’ केमो देणं हा अन्याय आहे, आणि हे आम्ही पुन्हा लिहू.

उलट बाजूही तितक्याच ठामपणे सांगतो. ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर आणि हर-टू तिन्ही निगेटिव्ह) असेल आणि गाठ अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल तर केमोचा विचार व्हायलाच हवा, एक सेंटीमीटरच्या पुढे तर ती जवळपास नेहमीच लागते. तिथे हार्मोनच्या गोळीचा आधारच नसतो. गाठ दोन सेंटीमीटरच्या पुढे असेल किंवा काखेत लागण असेल, आणि ती ट्रिपल निगेटिव्ह किंवा हर-टू पॉझिटिव्ह असेल, तर बहुतेक वेळा आधी केमो आणि मग ऑपरेशन असा क्रम ठेवतात. त्यामुळे गाठ औषधाला दाद देते का हे डोळ्यांना दिसतं आणि शिल्लक राहिली तर पुढचं औषध बदलता येतं. म्हणून बायोप्सीचा पूर्ण आयएचसी रिपोर्ट हातात येण्याआधी ऑपरेशनची घाई करू नये.

मधल्या बायकांचं काय? काख साफ, हार्मोन पॉझिटिव्ह, ग्रेड २, अशा. २०१८ च्या टेलरएक्स चाचणीने दाखवलं की स्कोअर ११ ते २५ असेल तर बहुतेकींना गोळ्या पुरतात. पन्नाशीच्या आतल्या बायकांत १६ च्या पुढे मात्र केमोचा थोडा फायदा दिसला. टेस्ट परवडत नसेल तर हातात काहीच नाही असं नाही. ब्रिटनचं प्रेडिक्ट हे संकेतस्थळ फुकट आहे. वय, गाठ, ग्रेड, काखेतल्या गाठी, ईआर, हर-टू भरले की गोळ्यांनी किती आणि केमोने वर किती फायदा हे शंभर बायकांच्या हिशेबात दिसतं. ते ब्रिटिश बायकांच्या नोंदींवर बेतलेलं आहे, हे मनात ठेवून डॉक्टरांसोबत बसून वापरा. मॅगी समीकरणंही फुकट आहेत. ती नेहमीच्या रिपोर्टवरून ऑन्कोटाइप स्कोअरचा अंदाज देतात. अंदाज १८ च्या खाली आला तर महागडी टेस्ट सहसा लागत नाही, ३१ किंवा वर आला तर केमोकडेच कल. त्यासाठी ईआर आणि पीआरचा एच-स्कोअर (किती पेशी किती गडद रंगल्या त्याचा आकडा) लागतो, नुसतं ‘पॉझिटिव्ह’ चालत नाही. पॅथॉलॉजिस्टना तो लिहून द्यायला सांगा, स्लाइड त्यांच्याकडेच असते. बंगळुरूत विकसित झालेली कॅनअसिस्ट ब्रेस्ट ही टेस्ट ऑन्कोटाइपपेक्षा बरीच स्वस्त आहे, १५.५ पर्यंतचा स्कोअर ती कमी धोक्याचा मानते.

पण या सगळ्याच्या मुळाशी तो साधा रिपोर्ट आहे आणि तो बिघडतो ऑपरेशन थिएटरच्या दाराशी. काढलेला भाग तासाभरात १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये जायला हवा, भागाच्या निदान दहापट फॉर्मलिन हवं, आणि तो ६ ते ७२ तास त्यात राहायला हवा. अख्खा स्तन न कापता छोट्या डब्यात कोंबला, किंवा शनिवारी संध्याकाळी सलाइनमध्ये ठेवून सोमवारी लॅबला पाठवला, तर आतली गाठ पक्की होत नाही, सडते. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तर लवकरच. मग ईआर खोटंच निगेटिव्ह येतं आणि ज्या बाईला गोळीने भागलं असतं तिच्यावर ट्रिपल निगेटिव्हचा शिक्का बसतो. ग्रेड १ आणि ईआर निगेटिव्ह असा रिपोर्ट आला तर थांबा. ही जोडी क्वचितच खरी असते. आधीच्या बायोप्सीवर किंवा दुसऱ्या ब्लॉकवर पुन्हा तपासणी मागा. केआय-६७ बद्दलही तेच. ५ च्या आत किंवा ३० च्या वर असेल तर भरवशाचं, मधल्या आकड्यांवर दोन लॅब सहज वेगळं बोलतात. जाऊबाईंच्या २२ वर एकट्यावर काही ठरवू नका.

काढ्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते शब्दशः खरं आहे. म्हणून स्पष्ट लिहितो: केमो नको याचा अर्थ उपचार नको असा नाही. हार्मोन पॉझिटिव्ह आजारात टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅम रोज, पाच वर्षं, काहींना दहा. आजार परत येण्याचा धोका ती जवळपास ४० टक्क्यांनी कमी करते आणि ती स्वस्त आहे. तरीही ‘आता बरं वाटतं’ म्हणून वर्ष-दोन वर्षांत गोळी सोडणाऱ्या पुष्कळ असतात. आणखी एक सांभाळा. केमोनंतर अंडाशय काही महिने गप्प बसतात. तेवढ्यावरून रजोनिवृत्ती समजून नुसतं लेट्रोझोल (अंडाशय बंद असतील तरच चालणारी गोळी) सुरू केलं तर अंडाशय पुन्हा जागे होतात आणि गोळी निरुपयोगी ठरते. या वयात टॅमॉक्सिफेन, किंवा लेट्रोझोलच्या सोबत अंडाशय बंद ठेवणारं इंजेक्शन, गोसेरेलिन ३.६ मिलिग्रॅम दर २८ दिवसांनी.

वेळेचा हिशेब ऑपरेशनच्या तारखेपासून मोजा. केमो साधारण चार ते सहा आठवड्यांत सुरू व्हावी आणि ९० दिवसांपलीकडे जाऊच नये. त्यापुढे फायदा घटतो. तुमचे पाच आठवडे गेलेत, म्हणजे फिशचा ब्लॉक याच आठवड्यात गेला पाहिजे. लॅबमधून ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही सही करून घ्या, ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी जुळवून बघा, आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, तो मेणाचा असतो. दुसरं मत हवं असेल तर त्यासाठी मुंबईला जाणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेसच धरावी लागते असं नाही, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आपल्याच जिल्ह्यात आहे. केमो महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा, मंजुरी मिळाल्यावरच पहिलं सलाइन लावा. केमो सुरू झाली की घरात थर्मामीटर हवा. ताप १००.४ फॅरनहाइट झाला तर, विशेषतः डोस झाल्यावर सातव्या ते चौदाव्या दिवसांत, पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. रात्री असली तरी त्याच वेळी रुग्णालयात न्या.

डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलंय आणि फिश काय आली, ते इथे खाली कळवा. नाव-पत्ता नको, तेवढ्या दोन ओळी पुरेत.