रस्ता कुणाच्या बापाचा?

पैसे घेताना हद्द कुणालाच आठवत नाही. गाडी घेतली की रोड टॅक्स एकरकमी कापून घेतात. तेव्हा कुणी विचारत नाही की बाबा रे, नगरपरिषदेच्या रस्त्यावर किती फिरणार आणि जिल्हा परिषदेच्या रस्त्यावर किती. पेट्रोलवरचा सेस लिटरमागे जातोच. मात्र खड्डा बुजवा म्हटलं की एकेका साहेबाला तालुक्याचा नकाशा तोंडपाठ! ‘ते आमच्या हद्दीत येत नाही.’

आमची वसाहत तालुक्याच्या गावाला चिकटून आहे. मध्ये एक ओढा, त्यावर मोरी. अलीकडे नगरपरिषदेचा सिमेंट रस्ता, पलीकडे जिल्हा परिषदेचा ग्रामीण मार्ग, आणि मोरी व तिच्या दोन्ही बाजूंचा तुकडा बेवारस. सिमेंट जिथे संपतं तिथे चांगली वीतभर पायरी झालीय. दूधवाला तिथे गाडीवरून उतरतो, एका हाताने कॅन धरतो, मग गाडी उतरवतो. मोरीचा एका बाजूचा कठडा उसाच्या ट्रॉलीने नेला. त्या जागी कुणीतरी बांबू रोवून लाल फडकं बांधलंय. झाली सुरक्षा! आम्हीच वर्गणी काढून डबर टाकला होता, तो पहिल्या पावसात ओढ्याला गेला. त्याच मोरीवर वाढदिवसाचे फ्लेक्स मात्र बारा महिने, दोन्ही बाजूंना, दोन्ही पार्ट्यांचे.

नगरपरिषदेत जा: ‘मोरी झेडपीची.’ झेडपीच्या बांधकाम उपविभागात जा: ‘ती लांबी हद्दवाढीत तिकडे गेली.’ परत तिकडे: ‘हद्द वाढली हो, पण रस्ता हस्तांतरित झाला नाही. तुम्ही एक अर्ज देऊन ठेवा.’ अहो, गावाची हद्द वाढते, घरपट्टी वाढते, आणि रस्ता तेवढा वाढायचा राहतो? कुठल्या कागदावर राहतो, दाखवा तरी!

एका भल्या शाखा अभियंत्याने खरं सांगितलं. हद्द हे निमित्त, खरी गोची लेखाशीर्षाची, म्हणजे पैसा बजेटच्या कुठल्या खात्यातून येतो त्याची. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. शहर हद्दीतले बाकीचे रस्ते नगरपरिषदेचे. आमदारांनी पंचवीस-पंधरामधून, म्हणजे ग्रामविकास खात्याच्या २५१५ या लेखाशीर्षातून, पैसे आणले तर ते ग्रामपंचायतीच्या हद्दीतच खर्च होणार. नगरोत्थान या शहरांसाठीच्या राज्य योजनेचे आणले तर ते नगरपरिषदेच्या हद्दीत, आणि त्यात नगरपरिषदेने आपला हिस्साही घालायचा. दोन्ही पैसे मंत्रालयातूनच येतात, दोन्ही आपलेच. पण ओढ्यापाशी आले की दोघांचे पाय आपापल्या काठावर रुततात. बरं, मार्ग नाही असंही नाही. एका संस्थेने आपला वाटा दुसरीकडे भरायचा आणि दुसरीने सगळं काम करायचं, याला ‘डिपॉझिट वर्क’ म्हणतात, सरकारी कामात ही पद्धत जुनी आहे. पण त्यासाठी दोन ऑफिसांनी एकाच अंदाजपत्रकावर सह्या करायला हव्यात. तिथेच घोडं पेंड खातंय. आधी सही करील त्याच्या गळ्यात मोरी पडेल ना!

आमचं सोडा, लहान गाव. पुण्यात बघा. ३० जून २०२१ रोजी २३ गावं महापालिकेत घेतली. दोनच आठवडे होतात न होतात तोच त्याच गावांसाठी पीएमआरडीएला, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला, विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. म्हणजे बांधकाम परवानगीचं विकास शुल्क एका खिडकीवर आणि रस्ता-पाणी-कचऱ्याची बोंब दुसऱ्या खिडकीवर! मांजरी असो, वाघोली असो, टॉवर उभे राहिले, फ्लॅट विकले गेले, माणसं राहायला आली, आणि मग दोन्ही खिडक्या एकमेकींकडे बोट दाखवायला मोकळ्या. उरुळी देवाची आणि फुरसुंगीची तर आणखीच तऱ्हा. २०१७ मध्ये महापालिकेत घेतली, २०२४ मध्ये बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली. मधल्या वर्षांत कुठला रस्ता कुणी कितीचा केला आणि राहिलेल्याचे पैसे कुणी घालायचे, हा हिशेब तिथल्या माणसाने कुणाच्या दारात मागायचा?

आणि हे भांडण कुणाला आधी सुचलंच नव्हतं, असंही नाही. ७४व्या घटनादुरुस्तीत जिल्हा नियोजन समिती आणली ती यासाठीच. कलम २४३ झेडडीमध्ये स्वच्छ लिहिलंय की पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामाईक विषयांचा, पायाभूत सुविधांच्या एकत्रित विकासाचा विचार करून जिल्ह्याचा आराखडा करायचा. समितीचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यायला हवेत. आपल्याकडे १९९८ पासून त्याचा कायदाही आहे. प्रत्यक्षात काय? २०२२ पासून बहुतेक ठिकाणी निवडणुकाच रखडल्या होत्या, साडेतीन वर्षांच्या वर प्रशासकांचं राज्य होतं. निवडून आलेलंच कुणी नव्हतं तर समितीवर कोण बसणार होतं? मग पालकमंत्री म्हणतील ती पूर्व दिशा. या समितीचा, म्हणजे डीपीसीचा, निधी म्हणजे कुणाच्या गटाला किती, एवढीच बातमी. दोन संस्थांमधल्या मोरीचं तिथे कोण नाव काढतंय!

मला सांगू नका की वाटणी अवघड आहे. भावाभावांत बांधावरच्या आंब्याची वाटणी होते या देशात. टेप घ्या, लांबी मोजा, निम्मं-निम्मं करा. नाही पटत? लोकसंख्येवर करा. तेही नको? साखर कारखान्याला बोलवा, ट्रॉल्या त्याच्याच आहेत, त्यालाही तिसरा वाटा द्या. काहीच नाही जमलं तर चिठ्ठ्या टाका. पण यंदाचा गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत करा, नाहीतर दुसरा कठडाही ओढ्यात दिसेल. आणि यापुढे मला कुणी ‘एक अर्ज देऊन ठेवा’ म्हणालं ना, तर आजवरच्या सगळ्या पोचा नेऊन त्या पायरीत टाकणार आहे. तेवढाच भराव.