‘माणसं नुसती बसलेली असतात, त्यात अभिनय कुठे आहे?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अलीकडे पाहिलेल्या सिनेमांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया सावकाश वाचली. तुम्ही राज्य नाट्य स्पर्धेत वर्षानुवर्षं कामं केलेली, गिरगावातल्या गणेशोत्सवाच्या मंडपात आवाज लावायला शिकलेले. तुम्हाला ‘मताबद्दल आभार’ एवढं लिहून मोकळं होणं मला जमणार नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर.

इतर वाचकांसाठी तुमचा आक्षेप आधी सांगतो. माझ्या लेखात ‘साबर बोंडं’मधल्या कलाकारांचं भरभरून कौतुक आहे, ‘दशावतार’बद्दल त्या मानाने कमी मजकूर आहे आणि ‘छावा’तल्या विकी कौशलच्या कामावर टीका आहे. त्यावर तुम्ही म्हणता की गप्प बसणं म्हणजेच अभिनय असं मी ठरवून टाकलंय. ‘साबर बोंडं’मधली माणसं नुसती बसलेली असतात, त्यात अभिनय कुठे आहे? आवाज लावून काम करणाऱ्या नटाला मी खाली ढकलतो आणि कधी तालमीची धूळही न खाल्लेल्यांना डोक्यावर घेतो. ‘छावा’वर बोलताना तर महाराजांचा मानही राखला नाही. आणि शेवटी तुमचा प्रश्न : तुम्ही स्वतः कधी रंगमंचावर उभे राहिलात का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो. नाही. मी कायम समोरच्या खुर्चीतच बसलो. पण नट जे काही करतो ते त्या खुर्चीतल्या माणसासाठी करतो, तेव्हा आपल्यापर्यंत काय पोचलं हे सांगायचा हक्क त्या माणसाला असतो असं मी मानतो.

आता मुख्य मुद्दा. आवाज मोठा आहे की लहान, हा माझा निकष कधीच नव्हता. ऐकणारा किती लांब आहे आणि नटाला ते अंतर कळलंय का, हे मी बघतो. शिवाजी मंदिरच्या बाल्कनीत शेवटच्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकापर्यंत वाक्याचं शेवटचं अक्षरही गेलं पाहिजे. तिथे पुटपुटणारा नट कामचुकार. कॅमेरा मात्र नटाच्या गालापासून दोन हातांवर असतो, भुवई हलली तरी ती पडद्यावर पाच फूट हलते. तिथे बाल्कनीसाठी लावलेला आवाज अंगावर येतो. तुमच्या पिढीने हे अंतर पायांनी मोजलेलं आहे. म्हणूनच ‘त्यात अभिनय कुठे आहे’ हा प्रश्न तुमच्याकडून यावा याचं मला जरा वाईट वाटलं.

‘साबर बोंडं’चंच घेऊ. मुंबईत राहणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी गावी जातो. पायात चप्पल घालायची नाही, चहात दूध नाही, भोवती सतत नातेवाईक, आणि त्यांच्या तोंडी एकच विषय : लग्न कधी करणार? आनंदला मुली आवडत नाहीत, हे त्याच्या आईला माहीत आहे. दिग्दर्शक रोहन कानवडे यांना ही गोष्ट स्वतःच्या वडिलांच्या दुखवट्याच्या दिवसांतून सुचली, आणि २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक तिला मिळालं. पण पारितोषिक बाजूला ठेवा. दृश्यं कशी घेतली आहेत ते बघा. कॅमेरा एका जागी थांबतो आणि बराच वेळ तिथेच राहतो. कट नाही. मनात काय चाललंय ते सांगायला मागून व्हायोलिन येत नाही.

अशा दृश्यात नटाला लपायला जागाच नसते. नेहमीच्या सिनेमात चार टेकमधले चांगले चार-चार सेकंद वेचून संकलक एक उत्तम ‘अभिनय’ शिवून देऊ शकतो. रडू आलं नाही तर ग्लिसरीन आहे, ग्लिसरीनही कमी पडलं तर सतार आहे. इथे जयश्री जगताप सगळ्या बायकांत आई म्हणून बसतात आणि पूर्ण वेळ आई असाव्या लागतात, त्यांचं वाक्य नसतानासुद्धा. मुलाच्या लग्नाचा विषय निघाला की त्यांच्या बोलण्यात एक सावधपणा येतो. भावकीला सांगायचं वेगळं, मुलाला एकट्यात सांगायचं वेगळं, आणि ही दोन्ही बोलणी एकाच साध्या स्वरात. नवऱ्याचं दुःख आणि मुलाची राखण अशी दोन कामं एकाच वेळी करणारी बाई त्या उभ्या करतात, आणि त्यातल्या एकाचाही गाजावाजा करत नाहीत. आनंद झालेले भूषण मनोज आणि त्याच्या गावाकडच्या मित्राचं काम करणारे सूरज सुमन शेजारी शेजारी बसतात तेव्हा त्यांच्या खांद्यांमधलं अंतर सिनेमाभर कसं कमी होत जातं ते बघा. तुम्ही विंगेतून सहनटाचं काम निरखलं असेल, तसं. यात अभिनय दिसत नसेल तर आपण दोघं वेगवेगळ्या ठिकाणी बघतोय.

मुंबईचं उदाहरण हवं असेल तर ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’मधल्या छाया कदम घ्या. त्यांची पार्वती एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात काम करते, घराचे कागद नाहीत म्हणून बिल्डर तिला चाळीतून काढतोय. लालबाग-परळमधल्या कितीतरी घरांची ही कहाणी. त्यावर एखादं टाळीचं भाषण लिहिता आलं असतं. इथे ती मैत्रिणीला घेऊन बिल्डरच्या जाहिरातफलकावर दगड मारते, बस. तो दगड मारताना छायाताईंच्या अंगात जो हलकेपणा येतो, त्यात तिचा राग मला भाषणापेक्षा जास्त दिसला.

‘कोर्ट’ तुम्ही पाहिलाय असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं, म्हणून त्यातला एक प्रसंग काढतो. गीतांजली कुलकर्णी त्यात सरकारी वकील आहेत. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेली, रंगभूमीवर मुरलेली अभिनेत्री. कोर्टात त्या कलमं वाचतात ती पाढे म्हटल्यासारखी, आणि त्या पाढ्यांत एका माणसाचं आयुष्य अडकलेलं असतं. लोकलमध्ये सोबतिणीशी घरगुती गप्पा, पाळणाघरातून मुलाला आणणं, घरी स्वयंपाक. सुट्टीच्या दिवशी ती कुटुंबासह नाटकाला जाते. रंगमंचावर परप्रांतीयांवरचं नाटक रंगलंय, नट आवाज लावून बोलताहेत, हशा उसळतोय, आणि ही बाई प्रेक्षकांत बसून ते बघतेय. रंगमंचावरचे नट शेवटच्या रांगेसाठी बोलताहेत, गीतांजली कॅमेऱ्यासाठी बसल्या आहेत, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. मी गेली काही वर्षं अभिनयावर जे लिहितोय ते सगळं या एका प्रसंगात आहे. तुमच्या रंगभूमीशी माझं भांडण असतं तर हा प्रसंग मला इतका आवडला नसता.

तालीम न केलेल्यांचं कौतुक, हा तुमचा दुसरा राग. ‘कोर्ट’मधले लोकशाहीर नारायण कांबळे म्हणजे नागपूरचे वीरा साथीदार, आयुष्य चळवळीत घालवलेले, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक. २०२१ मध्ये करोनाने ते गेले. साक्षीदाराच्या पिंजऱ्याजवळ ते ज्या थकल्या, न वाकणाऱ्या शांततेने उभे राहतात, ती कुठल्या शिबिरात शिकवता येत नाही. पण यावरून ‘शिक्षण नको’ असा निष्कर्ष मी काढलेला नाही. ‘फँड्री’त सोमनाथ अवघडे हा पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर आलेला मुलगा आहे आणि त्याचा बाप किशोर कदम आहेत, सत्यदेव दुबे यांच्या तालमीत घडलेले. डुक्कर पकडायच्या त्या शेवटच्या प्रसंगात सगळं गाव हसतंय आणि कचरू, म्हणजे हा बाप, लाचारीने पाठ वाकवून धावतोय. शिकलेला कोण आणि न शिकलेला कोण, हे त्या चौकटीत ओळखता येत नाही. ते किशोर कदमांच्या शिक्षणाचं यश आहे. त्यांनी आपली सगळी विद्या त्या पोराच्या बरोबरीने धावण्यासाठी वापरली. सोमनाथला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता, पण त्या पुरस्काराखाली बापाचं काम झाकलं गेलं, याची मला अजून खंत आहे.

एका बाबतीत तुमच्याशी पूर्ण सहमत. हल्ली पुटपुटण्यालाच नैसर्गिक अभिनय समजण्याची साथ आली आहे. ओटीटीवरच्या कितीतरी मराठी मालिकांत मराठी माणसालाच खालची अक्षरं वाचावी लागतात. चेहरा कोरा ठेवायचा, वाक्याचा शेवट गिळायचा आणि त्याला ‘अंडरप्ले’ म्हणायचं. ही गप्पगप्प माणसं मला मुळीच आवडत नाहीत. कोऱ्या चेहऱ्यामागे काही चाललेलं नसेल तर तो फक्त कोरा चेहरा. तुमच्या पिढीचे स्वच्छ उच्चार त्यांच्याकडे हवे होते.

‘छावा’बद्दल मोकळेपणाने लिहितो, कारण तिथे तुमच्या शब्दांत दुखावलेपण होतं. मी तो परळच्या एका भरलेल्या थिएटरात पाहिला. शेवटच्या अर्ध्या तासात शेजारच्या बाईंच्या डोळ्यांना धार लागली होती आणि माझेही डोळे कोरडे नव्हते. पण ते पाणी कुणामुळे आलं, हा प्रश्न मला घरी आल्यावर सोडेना. १६८९ मध्ये काय घडलं ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे. संभाजीराजांचं नाव घेतलं तरी छाती भरून येते. ते पाणी आपण घरून घेऊन गेलो होतो. नटाने त्यात आपली भर किती घातली, एवढंच मी तपासलं. विकी कौशल पहिल्या लढाईपासूनच गर्जनेच्या सर्वात वरच्या पट्टीत आहे. तिथूनच सुरुवात झाली की यातनांच्या प्रसंगात वर चढायला पायरीच उरत नाही. याच नटाने २०२१ च्या ‘सरदार उधम’मध्ये जालियनवाला बागेच्या रात्री प्रेतांतून जिवंत माणसं शोधत हातगाडी ओढली आहे, जवळजवळ शब्दांशिवाय, आणि ती रात्र मला अजून झोपेत दिसते. त्याच्याकडे काय आहे ते मला माहीत आहे, म्हणून मी जास्त मागितलं. उलट अक्षय खन्ना औरंगजेब म्हणून इतकं हळू आणि कमी बोलतो की त्याच्या प्रत्येक शब्दाकडे कान द्यावे लागतात. खलनायक ज्या सिनेमात जास्त लक्षात राहतो, तिथे नायकाच्या मांडणीत काहीतरी चुकलं आहे, आणि महाराजांचा मान राखायचा असेल तर हे बोललंच पाहिजे.

‘दशावतार’वर मी कमी लिहिलं ही तुमची तक्रार मला सगळ्यात जवळची वाटली, कारण दिलीप प्रभावळकरांवर मी कितीही लिहू शकतो. १२ सप्टेंबर २०२५ ला ‘दशावतार’ आला आणि पुढच्याच शुक्रवारी ‘साबर बोंडं’. एका आठवड्याच्या अंतराने मराठीत अभिनयाची दोन टोकं पडद्यावर होती, आणि तुम्ही माझ्यावर लादता ती निवड मला करावीच लागली नाही.

एक्याऐंशी वर्षांचा हा माणूस बाबुली मेस्त्री नावाचा म्हातारा दशावतारी उभा करतो. ‘हसवाफसवी’त एका प्रयोगात सहा माणसं उभी करणारा, ‘चौकट राजा’तला नंदू, मुन्नाभाईचा गांधी. दशावतार म्हणजे देवळापुढच्या जत्रेतला रात्रभराचा खेळ. हाती लिहिलेली संहिता नाही, राजा आणि राक्षस उभ्या उभ्या संवाद जुळवतात, मृदंग-झांजांवरून आवाज चढवून झोपाळलेल्या गावाला जागं ठेवायचं असतं. तिथे मोठा आवाज लागतोच आणि प्रभावळकर तो लावतात. मग तोच माणूस घरी मुलासमोर बसतो. दृष्टी अधू होत चाललेली, मुलगा सांगतोय आता पुरे करा, आणि बाबुलीचा आवाज एकदम दोन हातांच्या अंतराचा होतो. डोळे नीट दिसत नसलेला माणूस बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नाही, आवाजाच्या दिशेला मान वळवतो. ती मान बघा. जत्रा आणि ओसरी ही दोन्ही अंतरं एकाच भूमिकेत इतकी अचूक मोजलेली मी अलीकडे पाहिलेली नाहीत.

मग माझी कुरकूर कशाबद्दल होती? उत्तरार्धाबद्दल. कथा सूडाकडे वळली की संगीत आणि स्लो मोशन प्रभावळकरांच्या हातातून काम काढून घेतात. एरवी जे त्यांनी मानेच्या एका वळणाने केलं असतं ते ढोलांनी आणि धुराने करून टाकलंय. त्या वेशात, त्या रंगात उभा राहिलेला हा नट आणखी काय करू शकला असता हे मला बघायचं होतं. त्या भागाबद्दल माझं मत बदललेलं नाही. तुम्हाला तो भाग सर्वात जास्त आवडला असं तुम्ही लिहिलंय, पण का, ते लिहिलेलं नाही. धयकाल्याच्या, म्हणजे दशावतारी खेळाच्या, आख्यानात राक्षसाच्या वधाला जो जोर लागतो तो तुम्हाला तिथे सापडला का? तुम्ही स्वतः रंग लावून उभे राहिलेले आहात, त्या मुखवट्याच्या आतून चेहऱ्याला किती जागा राहते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. तेवढं सविस्तर लिहा, मी वाट बघतो.