पोलादी छर्रे आणि उजनीची जाळी

नोव्हेंबरातल्या एका रविवारी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी दोन बदकांचा फोटो टाकला. ओट्यावर पसरलेलं वर्तमानपत्र, त्यावर तांबूस डोक्याची दोन विजन बदकं, शेजारी काडतुसांचं उघडं खोकं. पाच मिनिटांत आतेभावाचा निरोप आला: "इथं बदकाला हात लावला तर फॉरेस्टवाले आत टाकतील. तू तिकडं जाऊन शिकारी झालास व्हय?" आत्याने हात जोडल्याचा इमोजी टाकला. पुण्यातली भाची दर हिवाळ्यात भिगवणला पक्षी बघायला जाते, ती काही न बोलता ग्रुपमधून बाहेर पडली. (चार दिवसांनी परत आली. घरात लग्न ठरत होतं.)

मी मूळचा इंदापूर तालुक्यातला, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या कडेचा. गेली बारा वर्षं इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर लिंकनशरमध्ये राहतो आणि भाजी पॅक करणारी यंत्रं दुरुस्त करतो. घरापासून अर्ध्या तासावर 'द वॉश' नावाची मोठी उथळ खाडी आहे. ओहोटी लागली की मैलोन् मैल चिखल उघडा पडतो आणि त्यावर हिवाळ्यात लाखो पाणपक्षी उतरतात. इथे बदकांची शिकार कायदेशीर आहे. १ सप्टेंबर ते ३१ जानेवारी, भरतीरेषेच्या खाली २० फेब्रुवारीपर्यंत, ठरलेल्या जातींचीच, आणि पोलिसांकडून बंदुकीचं प्रमाणपत्र घेऊन. शेजारी राहणाऱ्या सत्तरीच्या निवृत्त शेतकऱ्याने मला हा नाद लावला.

शिकार करावी की नाही या वादात मी पडणार नाही. ज्याला ती पटत नाही त्याला पटवायला माझ्याकडे काही नाही, आणि भाचीचा राग मला समजतो. मला सांगायचंय ते फोटोतल्या त्या खोक्याबद्दल. त्यावर लिहिलं होतं: स्टील, ३२ ग्रॅम, ३ नंबर. ग्रुपवर कुणाचंच तिकडे लक्ष गेलं नाही.

पक्षी मारायच्या बंदुकीच्या काडतुसात गोळी नसते, छर्रे असतात, दोनशेच्या आसपास. पूर्वी ते शिशाचे असत. उडवलेल्या काडतुसातले चार-सहा छर्रे पक्ष्याला लागतात, बाकीचे पाण्यात पडतात आणि चिखलात बसून राहतात. शिसं कुजत नाही. बदकाला दात नसतात. ते बारीक खडे गिळतं आणि पोटातली स्नायूंची पिशवी त्या खड्यांनी जात्यासारखे दाणे दळते. छर्रा आणि खडा यांतला फरक बदकाला कळत नाही. जात्यात गेलेलं शिसं झिजत झिजत रक्तात उतरतं, पंख लोंबतात, खाल्लेलं पुढे सरकत नाही आणि पक्षी हळूहळू वाळून मरतो. गवतात मेलेल्या बदकाचा फोटो कुणी काढत नाही, कोल्हा किंवा घार त्याचा निकाल लावते आणि शिसं त्यांच्या पोटात जातं. ब्रिटनमध्ये अशा मरणाने दर हिवाळ्यात पन्नास हजार ते एक लाख पाणपक्षी जात असावेत, असा तिथल्या अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे नेम चुकलेली बंदूकही मारत असते, फक्त उशिरा.

म्हणून इंग्लंडने १९९९ साली बदकांवर शिशाचे छर्रे झाडायला बंदी केली. वेल्सने २००२ मध्ये. स्कॉटलंडने २००४ मध्ये आणि उत्तर आयर्लंडने २००९ मध्ये पाणथळ जागांवर शिसं बंद केलं. अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी ही बंदी १९९१ पासून देशभर आहे.

पहिल्यांदा काडतुसं घ्यायला गेलो तेव्हा मला वाटलं होतं की 'बदकाची द्या' म्हटलं की काम झालं. दुकानदाराने आधी विचारलं, बंदूक कुठली? शेजाऱ्याने मला त्याच्या वडिलांची दुनळी वापरायला दिली होती, साठेक वर्षांची, नक्षीकाम केलेली, दृष्ट लागावी अशी. दुकानदाराने ती उघडली, नळीखालचे शिक्के भिंगातून पाहिले आणि मान हलवली. काडतूस बसतं ती जागा आखूड, अडीच इंची, आणि दोन्ही नळ्यांची तोंडं खूप आवळलेली. नळीच्या तोंडाच्या या आवळण्याला चोक म्हणतात. शिसं मऊ असतं, आवळलेल्या तोंडातून दबून निघून जातं. पोलाद दबत नाही. जाड छर्रे जोरात अशा तोंडात आले तर जुनी नळी तिथे फुगू शकते. तिच्यासाठी बिस्मथ घे, तो म्हणाला. बिस्मथ हा धातू पोलादापेक्षा मऊ, बंदुकीला बाधत नाही, पण एकेक काडतूस दोन पौंडांच्या घरात. दोनशे रुपयांचा एक बार! माझ्यातला इंदापूरकर तिथेच जागा झाला. दुनळी मी शेजाऱ्याला परत केली आणि जुन्या बाजारातून एक साधी सेमी-ऑटोमॅटिक घेतली. जोरकस पोलादी काडतुसांसाठी तपासलेल्या बंदुकीवर लिलीच्या फुलासारखा एक छोटा शिक्का असतो, तो हिच्यावर होता.

दुसरा प्रश्न छर्ऱ्याच्या जाडीचा. एक घनसेंटिमीटर शिसं ११.३ ग्रॅम भरतं, पोलाद ७.८. तितक्याच जाडीचा पोलादी छर्रा तीस टक्के हलका असतो, हवेत लवकर दमतो. यावर इथले लोक सांगतात ते सोपं आहे: दोन नंबर जाड घ्या (नंबर लहान तितका छर्रा जाड). शिशात ५ नंबर वापरत असाल, म्हणजे २.८ मिलिमीटर, तर पोलादात ३ नंबर, ३.३ मिलिमीटर. हिशेब करून पाहिला तर असा एक पोलादी छर्रा साधारण ०.१५ ग्रॅम भरतो आणि २.८चा शिशाचा ०.१३. म्हणजे जाडी वाढवली की वजनाची भरपाई होते. चक्रांगासारख्या छोट्या बदकाला ४ किंवा ५ नंबर पुरतो, कारण तिथे छर्रे मोजायला जास्त हवेत. रानहंसाला, म्हणजे इथल्या गूजला, याहून जाड लागतात.

'पोलाद मारत नाही, नुसतं जखमी करतं' ही तक्रार इथल्या प्रत्येक पबमध्ये ऐकू येते. मीही ती काही दिवस खरी मानली. मग शेजाऱ्याने मला त्याच्या गोठ्यामागे नेलं. वॉलपेपरचा उलटा तुकडा फळीला ठोकला, मध्ये एक टिंब काढलं, पस्तीस पावलांवर काठी रोवली. एक बार. मग सुतळीने तीस इंच व्यासाचं वर्तुळ आखून आम्ही दोघं पेनने भोकं मोजत बसलो, तो डावीकडून, मी उजवीकडून. नळीचं तोंड घट्ट आवळलं होतं तेव्हा मधोमध चाळणी आणि कडेला वीतभर कोरी जागा. तोंड सैल केलं, इकडे ज्याला पाव चोक म्हणतात तेवढं, आणि भोकं वर्तुळभर सारखी पसरली. एकशे चव्वेचाळीस. पोलादाचा छर्रा नळीतून गोलच्या गोल निघतो, म्हणून त्याचा फवारा मुळातच घट्ट असतो. तो आणखी आवळायचा नसतो. काडतूस बदललं पण चोक तोच ठेवला, साठ यार्डांवरून बार काढला आणि खापर पोलादावर फोडलं, असं बहुतेकांचं झालेलं असतं. आता मी चिखलात जाऊन बसलो की आधी पस्तीस पावलं मोजून काठी रोवतो. काठीपलीकडचा पक्षी माझा नाही.

आतेभावाने तिकडच्या कायद्याचा धाक दाखवला, पण गावाकडे सहसा ऐकू येतं ते उलटंच. 'तिकडचे लोक कायदा पाळतात, आपल्याकडे बंदी कागदावर राहते.' हे वाक्य मी स्वतः गावी गेल्यावर पारावर बसून अनेकदा फेकलंय. कबूल करतो, ते खोटं आहे. बंदीला दहा वर्षं होऊन गेल्यावर इंग्लंडमध्ये दुकानांतून विकत घेतलेली बदकं तपासली, तर सत्तर टक्के शिशाने मारलेली निघाली. नंतर पुन्हा तपासली, सत्त्याहत्तर टक्के! कुणी बघत नव्हतं, म्हणून कुणी पाळत नव्हतं. तितर-फेझंटसारख्या जमिनीवरच्या पक्ष्यांना शिसं चालतं आणि बदकाला नाही, असा अर्धवट कायदा असल्याने एकाच खिशात दोन्ही काडतुसं असत. २०२० साली शिकाऱ्यांच्या नऊ संघटनांनी जाहीर केलं की आम्ही पाच वर्षांत आपणहून शिसं सोडू. त्याच हिवाळ्यात तपासलेल्या १८० फेझंटांपैकी १७९ शिशाचे होते. पुढच्या वर्षांतही दहांतले नऊच्या खाली हा आकडा कधी आला नाही. शेवटी जुलै २०२५ मध्ये सरकारने सांगितलं की तीन वर्षांची मुदत देऊन शिकारीतले शिशाचे छर्रे सगळ्याच पक्ष्यांसाठी बंद करणार.

म्हणजे गोरा माणूस काही वेगळ्या मातीचा नाही. मकर संक्रांतीला नायलॉनचा मांजा विकणारा आणि फेझंटवर शिसं झाडणारा, दोघांचं म्हणणं एकच: एवढ्याने काय होतंय.

आपल्याकडे एक बंदी मात्र बऱ्यापैकी लागू पडली, आणि तिची आठवण मला पोलादी काडतूस भरताना हमखास होते. जनावरांना देण्याचं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. ते दिलेलं जनावर मेलं की त्याचं मांस खाऊन गिधाडं मरत होती. २००६ साली सरकारने ते बंद केलं. चोरून विकलं गेलंच, पण तालुक्याच्या डॉक्टरच्या पिशवीत त्याच कामाचं मेलॉक्सिकॅम होतं. शेतकऱ्याला गिधाडांचं प्रेम असावं लागलं नाही, म्हैस उठून उभी राहिली की झालं. उलट महाराष्ट्राची २०१८ची प्लॅस्टिकबंदी बघा. दंड होता, भाजीवाल्याकडे तेवढ्या भावात दुसरी पिशवी नव्हती. इथेही तेच. मी स्टील वापरतो ते पुण्य म्हणून नाही. दुकानात ते माझ्या खिशाला परवडणाऱ्या भावात समोरच्या फळीवर असतं म्हणून.

भाचीला मला एकच गोष्ट विचारायची होती, ती मी नंतर फोनवर विचारली. मी ज्यांच्यावर नेम धरतो त्यातले थापट्या, तलवार बदक आणि चक्रांग हे उजनीवरही येतात. उत्तरेतल्या थंडीतून निघालेला एक थवा इकडे वळतो, दुसरा तिकडे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीला आवर घातला आणि १९९१ पासून परवान्यावरची हौशी शिकारही संपली. चांगलंच झालं. भरतपूरच्या तळ्यावर १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात व्हाइसरॉय लिनलिथगो आणि त्याच्यासोबतच्या पाहुण्यांनी ४,२७३ पक्षी पाडले, तो आकडा तिथे दगडावर कोरून ठेवलाय. ते दिवस परत नकोत. पण बंदूक गेली म्हणून पाणी चांगलं झालं का? पुणे-पिंपरीचं सांडपाणी उजनीत उतरतं, जलपर्णी माजते, चिलापी माशाने बाकीचे मासे मागे सारले. यावर ग्रुपवर कधी कुणी हात जोडले नाहीत. भाची म्हणाली, "मामा, ते खरं असलं तरी तू बदक मारलंसच ना." मारलं. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

त्या रविवारची बदकं बायकोने रांधली. आमच्या फ्रिजवर सिद्धटेकचा गणपती असलेलं एक चुंबक आहे. कापलेलं मांस ताटात पसरून ती ते चुंबक वरून फिरवते. टक् आवाज झाला की छर्रा. पोलाद चिकटतं, शिसं चिकटत नाही. तीन निघाले. (पोलाद दाताखाली आलं तर दात जातो, हा त्याचा खरा तोटा. पबमध्ये तो कुणी सांगत नाही.) मग येसूर घालून रस्सा. गणपतीला यात ओढू नकोस असं मी म्हटलं, तर तिने त्याला धुऊन परत फ्रिजवर लावलं.

दुसरा तोटा गंजाचा. नावाला पोलाद असलं तरी हे छर्रे मऊ लोखंडाचेच असतात. खाऱ्या चिखलात भिजलेलं काडतूस तसंच खोक्यात ठेवलं तर आतले छर्रे गंजून एकमेकांना धरतात आणि बार काढला की गोळा निघतो. भिजलेली काडतुसं मी वेगळी काढून टाकतो. पैसे वाया जातात.

हे सगळं मी आतेभावाला एका लांबलचक व्हॉइस नोटमध्ये सांगितलं. त्याची उजनीत दोन होड्या आणि जाळी आहेत. सांगता सांगता बोलून गेलो की इंग्लंडने शिकाऱ्यांच्याही आधी, १९८७ साली, गळाला लावायचे शिशाचे मणी बंद केले होते, कारण नदीतले हंस ते गिळून मरत होते, आणि बंद केल्यावर हंस पुन्हा वाढले. दोन दिवस काहीच उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी फोटो आला: त्याच्या ओसरीवर पसरलेलं फेकजाळं आणि कडेने ओवलेले शिशाचे मणी. मधे चार-पाच जागा रिकाम्या. खाली लिहिलं होतं, "दर वर्षी किलो-दीड किलो पाण्यात तुटून पडतं. आमच्या आज्ज्यापासनं."

उजनीतली बदकं ते गिळतात की नाही, मला माहीत नाही. मी त्याला तेवढंच लिहिलं, आणि विचारलं की लोखंडाचे मणी लावून बघितलेस का.

"बघितलं," त्याचा आवाज आला, मागे होडीचं इंजिन धडधडत होतं. "स्वस्त पडतं. पण गंजतं रं ते."

"माझंही गंजतं," मी म्हटलं.